मुठी

आमच्या सुतारांत माणूस गेला की त्याच्या हत्यारांच्या मुठी चितेत जातात. लोखंड मागे राहतं, ते पुढच्याने वापरायचं. मूठ ज्याची त्याची.

काका लिंबायतच्या यंत्रमाग वस्तीत साड्यांच्या छपाईचे सागवानी ठसे कोरायचे. कोरायच्या पटाश्या त्यांच्या आजोबांच्या. मुठी मात्र काकांच्या हातच्या, अंगठ्याखाली खळगा पडलेल्या. स्क्रीन छपाई आली आणि ठसे कुणी मागेनासं झालं. तरी ते रोज धार लावत बसायचे. असेच एक दिवस गेले.

काकूने मुठी दिल्याच नाहीत. चितेसाठीच्या फडक्यात तिने लाटणं आणि रवीचा दांडा बांधून दिला. हे तिने फक्त मला सांगितलं.

"लूम बंद असले की आवाज येतो गं. कोरतात. टक, टक."

मी वडिलांनी मोर्च्यातून आणलेली पत्रकं वाचून वाढलेली. मी म्हणाले, "काकू, त्यांचं काम छपाईच्या शेटने बंद केलं. भूत झालेच असतील तर त्याच्या बंगल्यात जातील."

"तिथे कशाला जातील? तिथे कधी कुणी चहा विचारला नाही त्यांना."

मग चुलतभावाने जुन्या वस्तूंचा एक गुजराती व्यापारी घरी आणला. काकूने मुठींसकट पटाश्या पुढे ठेवल्या, तेव्हा भाऊ चपापला. ते फडकं चितेवर त्यानेच ठेवलं होतं. व्यापाऱ्याने खळग्यावरून बोट फिरवलं. "मासी, हाथा साथे आपो तो लउं." मुठींसकट दिल्या तरच घेणार होता.

"दे ना आई," भाऊ म्हणाला, "बंगल्यांच्या भिंतीवर लावतात लोक."

"म्हणजे परक्याच्या भिंतीवर अडकून राहायचं त्यांनी?"

तिने शेगडी पेटवली आणि मला म्हणाली, "मुठी काढ."

मी पहिली हातात घेतली. माझा अंगठा आपोआप खळग्यात गेला, बाकीची बोटं काकांच्या बोटांच्या जागी बसली. मूठ कोमट होती. हाताची ऊब लाकडाला लागते, हे मला ठाऊक होतं. तरी बोटं सुटेनात.

"सोड गं माय. आता सोड त्यांना."

मी मूठ शेगडीत सोडली. "अरे मासी, अरे!" करत व्यापारी उठला. भाऊ त्याच्यामागे धावला. तेल मुरलेलं लाकूड भसकन पेटलं.

आमच्यात बायकांना स्मशानात नेत नाहीत. काकू डोक्यावर पदर घेऊन शेगडीसमोर बसली, आणि शेवटची मूठ जळून जाईपर्यंत उठली नाही.