आत्याचा हळदीतला फोटो

माझ्या बायकोचं म्हणणं असं, की माझ्या पोटात काही राहत नाही. एक गोष्ट राहिली आहे — वीस वर्षं झाली. तिला माहीत नाही, भावाला नाही, आईबाबा न कळताच गेले. तुम्हांला सांगतो आहे. तुम्ही माझ्या घरातले नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

मी फोटोग्राफर. निजामपुऱ्यात माझा स्टुडिओ होता — स्टुडिओ म्हणजे एक खोली, मागे रंगवलेला पडदा, आणि शेजारच्या कापडाच्या लूमची अशी खडखड, की गिऱ्हाइकाला 'हसा' हेसुद्धा ओरडून सांगावं लागायचं. घर मानकोलीकडे, गावात. दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. डिजिटल कॅमेरे यायला लागले होते, पण माझ्याकडे अजून रोलचाच होता.

घरच्यांचे फोटो मी फार चांगले काढायचो. ही बढाई नाही — किंवा असू दे बढाई. युक्ती साधी होती. 'झालं, उठा' म्हणायचं, कॅमेरा थोडा खाली घ्यायचा, आणि माणूस सैल झाला की बटण दाबायचं. बाबांचा तसा एक आहे: कपाटाला कुलूप लावलंय आणि ते पुन्हा ओढून बघताहेत. आईचा आहे: सगळे जेवताहेत, आणि ती प्रत्येकाच्या पानातल्या भाताकडे बघते आहे. धाकटा भाऊ गणेश मोटारसायकलच्या आरशात भांग पाडतो आहे. पाहुणे अल्बम चाळायचे आणि म्हणायचे, याला माणूस कळतो. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

त्या अल्बममध्ये आत्या नव्हती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिच्या ओठांवर आणि डाव्या डोळ्याभोवती कोड उमटलं, आणि सासरच्यांनी तिला आणून सोडली. नवऱ्यानं दुसरी केली. आई दिवसभर शेतावर असायची, त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानंच. कॅमेरा बाहेर निघाला, की ती कुणाचं तरी पोर काखेला मारायची आणि आत वळायची. 'तुमी काडा, मी च्या ठेवते.' मी कधी आग्रह केला नाही. चोरून काढायची युक्तीही तिच्यावर कधी केली नाही. तो माझा समजूतदारपणा होता असं मी मानत आलो. होता का? का सोपं होतं म्हणून?

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी — इतका वेळ तीच टाळतो आहे. लग्नात प्रत्येकाला फोटो हवा असतो. नवरीच्या मावशीच्या नणंदेलाही हवा असतो. रोलमध्ये फोटो छत्तीस. मग आम्ही काय करायचो, तर फ्लॅशच्या मागचं बारकं बटण दाबायचो. लख्ख उजेड पडायचा, फोटो निघायचा नाही, माणूस खूश होऊन बाजूला व्हायचा. याला आम्ही खाली, म्हणजे रिकामा, फ्लॅश म्हणायचो. एकमेकांना सांगून हसायचोसुद्धा.

गणेशच्या हळदीची दुपार. मांडवात आमच्याकडे हळदीला कुणी सुटत नाही. पोरींनी आत्यालाही धरली आणि कपाळापासून गळ्यापर्यंत माखून टाकली. मी रोल संपला म्हणून काढून डबीत ठेवत होतो, तर ती समोर येऊन उभी. पदरानं हात पुसत.

"बाला, माजा पन एक काड. आज सगल्यांचं तोंड सारकंच हाय."

ती खुर्चीवर बसली. गुडघ्यांवर दोन्ही हात, पाठ ताठ. मी कॅमेरा डोळ्याला लावला. खरं सांगतो, इतका चांगला चेहरा मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही. त्या बाईनं जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. मागितलं आणि मिळतंय, याची गंमत तिच्या तोंडावर मावत नव्हती. लहान पोरीसारखी लबाड दिसत होती. कॅमेऱ्याकडे सरळ बघत होती.

नवा रोल बॅगेत होता. बॅग खांद्याला होती. मिनिटभराचं काम. पण मांडवातून मला हाका येत होत्या, नवरदेवाला अंघोळ घालायची होती — आणि समोर तर घरचीच बाई. काय म्हणणार होती ती? बोट सवयीनं त्या बारक्या बटणावर गेलं.

"आला ना?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आला.

पुढे महिनाभर ती विचारत राहिली. मी सांगत राहिलो — धुवायला दिलाय. वाडा गावी राहणाऱ्या माझ्या मावशीला तिनं निरोपसुद्धा धाडला, माजा फोटू येतोय म्हणून. मग लग्नाचा अल्बम आला. ओटीवर बसून तिनं तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, आणि पुन्हा पहिल्यापासून पाहिला. विचारणं त्या दिवसापासून बंद झालं.

आठेक दिवसांनी ती तांदूळ निवडत होती. मी शेजारी चहा पीत होतो. सुपातली नजर न काढता ती म्हणाली,

"हलदीनं झाकलं न्हाय ना रं? कॅमेऱ्याला दिसलंच असंल सगलं. तू दाकवला न्हायस, बरं केलंस. मला वाईट वाटंल म्हनून ठेवलास ना?"

एक वाक्य पुरलं असतं. आत्या, कॅमेऱ्यात रोलच नव्हता. रागावली असती, दोन दिवस बोलली नसती, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीवर बसली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग मी कोण ठरलो असतो? जिनं वाढवलं, तिलाच फसवणारा. आणि इथे तर ती मला चांगला म्हणत होती — तिला जपणारा. तिला तिच्या तोंडाची लाज वाटली तरी चालेल, मला माझी वाटायला नको. हा हिशेब मी चहाच्या एका घोटात केला आणि म्हणालो, "हं."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

नंतर मी म्हटलं, की पुन्हा काढू. दोन-तीनदा म्हटलं. ती नको म्हणायची. एकदा कळलं ना, बास झालं. आधी ती कॅमेरा दिसला की आत जायची. आता मी दिसलो तरी पदर पुढे ओढायला लागली. आरशासमोर वेणी घालायची, तेही सोडलं. हे मी चार वर्षं पाहिलं. पाहत होतो, बोललो नाही.

ती गेली तेव्हा दहाव्याला ठेवायला फोटो हवा होता. बाबा माझ्याकडे आले. "एवड्या सगल्यांचं काडलंस, आनि तिचा एक न्हाय?"

"ती काडूनच देत नव्हती," मी म्हणालो.

"हां," बाबा म्हणाले, "तिला आवडायचंच न्हाय."

मतदान कार्डावरचा फोटो मीच मोठा करून आणला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड आखडलेलं, ओळखू न येणारी बाई. तोच भिंतीवर आहे. परवा मुलीनं विचारलं, आत्याआजीचा दुसरा फोटो का नाही? बायको म्हणाली, त्यांना फोटो आवडायचे नाहीत गं, लाजायच्या त्या. मी तिथेच बसलो होतो.