गाण्याचा कौल

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, सख्ख्या बहिणीपुढं नाही, देवापुढं तर मुळीच नाही — देवापुढं बोलायची सोय मीच घालवून बसले, ते पुढं येईलच. मग तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा परवा नातीनं मोबाइलवर ते गाणं लावलं आणि मी स्वयंपाकघरातून किंचाळले, ‘बंद कर ते!’ — म्हणून असेल. पोरगी दचकली. चांगलं तर गाणं आहे, आजी, म्हणाली. चांगलंच आहे हो. तीच तर पंचाईत आहे.

गाणं कोणतं ते सांगणार नाही. सांगितलं की तुम्ही गुणगुणायला लागाल, आणि मला ते ऐकायचं नाही.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. लातूर तेव्हा जिल्हा नव्हतं, सरकारी कामाला उस्मानाबादला जावं लागायचं. गंजात, म्हणजे धान्यबाजारात, आमची अडत होती. आप्पा गादीवर बसून नुसते रस्त्याकडं बघायचे, मालाची गाडी काही यायची नाही. पण घरात रेडिओ होता, अख्ख्या गल्लीत एकच — लाकडी, ट्रंकेएवढा, वर आईनं विणलेला रुमाल. बुधवारी रात्री आठला त्याच्यावर गाण्यांची चढाओढ लागायची. या आठवड्यात कुठलं गाणं चढलं, कुठलं घसरलं. खालून वर मोजत यायचे आणि पहिल्या नंबराच्या आधी बिगुल वाजायचा. त्या तासाला मी कुणाचीच नव्हते. पाहुणे आले तरी उठायची नाही, आईनं चार शिव्या दिल्या तरी नाही.

गल्लीच्या नळाला पाणी यायची वेळही नेमकी तीच. आमची खिडकी नळाकडं उघडायची. मी ती सताड उघडी ठेवून आवाज वाढवायची, आणि घागरी, डबे, बादल्या घेऊन बसलेल्या सगळ्या बायका फुकटात गाणी ऐकायच्या. केवढी मिजास होती मला त्याची! जणू गाणी मीच म्हणते आहे.

त्या रांगेत नंदा असायची. महानंदा. आमच्याच अडतीवरच्या मुनीमकाकांची मुलगी, माझ्या वर्गातली, माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणायचा मला अधिकार आहे का? तेव्हा तरी होती. शाळेच्या वाटेवर आम्ही पैज लावायचो, कुठलं गाणं चढेल आणि कुठलं आपटेल. दहातून आठ वेळा तीच जिंकायची. मला ते खपायचं नाही.

त्या उन्हाळ्यात तिला स्थळ आलं. उदगीरचं. किराणा दुकान, माणूस निर्व्यसनी, पण बिजवर — पहिली बायको गेलेली, मागं एक मुलगा, एक मुलगी. ते काही मागत नव्हते, आणि अडत बंद पडायच्या बेतात असताना मुनीमकाकांना हे केवढं वाटलं असेल! पण तेवढ्यातच नांदेडहून तिच्या मामांचा निरोप आला. नर्सच्या शिक्षणाला प्रवेश मिळतो आहे, पोरीला माझ्याकडं पाठवा, राहणं-खाणं माझ्याकडं. आता बाप काय करेल? दुसरा कुणी असता तर स्वतःच ठरवून मोकळा झाला असता. मुनीमकाका भले माणूस. त्यांनी लेकीला विचारलं.

नंदानंच मला सांगितलं ते. आमच्या माळवदावर बसलो होतो, खाली गल्लीत टँकरची वाट बघत बायका भांडत होत्या.

“बाबा म्हंतेत, मला काही सुधरना झालंय माय, तूच सांग,” ती म्हणाली. “पाव्हणे गुरुवारी सकाळी यायलेत. हाव म्हण न्हाईतर न्हाई म्हण. मी काय म्हणू?”

तिला नांदेडला जायचं होतं. मला ते दिसत होतं, कुणालाही दिसलं असतं. पण बापाचं तोंड बघितलं की तिचा धीर सुटायचा. मागं दोन बहिणी. असं अडलं की आमच्याकडं महादेवाला कौल लावतात. पिंडीला दोन ओली फुलं चिकटवायची, उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. पण त्या वर्षी फुलं कुठली? फूलवालीनं टोपली पालथी घालून केव्हाच गाव सोडलं होतं, आणि पुजारी पिंडीवर पळीभर पाणी घालायचा तेही मोजून.

नंदा हसली आणि म्हणाली, “फुलाचं न्हाई तर गाण्याचा कौल लावते बघ.”

ते गाणं तिचं लई लाडकं. काही आठवडे ते दुसऱ्या नंबरावर येऊन अडकलं होतं, काही केल्या वर जाईना. बुधवारी ते पहिलं आलं तर नांदेड. नाही आलं तर उदगीर. थट्टेत बोलली, पण मग तळहात कपाळाला लावला. देवाला लावतो तसा. म्हणजे थट्टा नव्हती.

बुधवारी आप्पांचं डोकं दुखत होतं म्हणून मी खिडकी लावून घेतली. आवाज बारीक केला आणि कान रेडिओला चिकटवला. बिगुल वाजला. आणि ते गाणं — पहिलं आलं. माझी शपथ, पहिलं आलं. मी ते पुरं ऐकलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग रेडिओ बंद केला आणि खाली नळावर गेले. नंदा पालथ्या घागरीवर बसली होती. तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, “दोनच.”

कसं निघालं ते तोंडातून? इतकी वर्षं मी स्वतःला एकच सांगत आले — निघून गेलं, ठरवलेलं नव्हतं, तरुण वय, जीभ घसरली. घसरते की माणसाची जीभ! पण लिहायला बसलेच आहे तर —

आप्पांचं डोकं दुखत नव्हतं. आप्पा घरातच नव्हते. खिडकी मी बिगुलाच्या आधी लावली. कुठलं गाणं पहिलं येणार हे कळायच्या आधी. खालून कुणीतरी ओरडलं सुद्धा, ‘आज रेडिओ का गं बंद?’, तेव्हा मी आतून उत्तर दिलं आणि आप्पांना डोकेदुखी लावून टाकली. जीभ घसरणारं माणूस आधी उठून खिडकी लावत नाही.

का केलं ते मला चांगलं ठाऊक आहे. महिनाभरापूर्वी मीच आप्पांना विचारलं होतं — मी जाऊ का नांदेडला, नर्सच्या शिक्षणाला? आप्पांनी वरही बघितलं नाही. आपल्या घरच्या पोरी परक्यांच्या जखमा धुवायला जात नसतात, म्हणाले, विषय संपला. मी रडले नाही, भांडले नाही. आणि मग मुनिमाच्या पोरीला तिचा बाप विचारतो, तुला काय पाहिजे! मालकाची पोरगी घरात आणि मुनिमाची पोरगी पांढऱ्या कपड्यात नांदेडला? हे शब्द माझ्या मनात असेच्या असे आले होते. मी जळले. दुसरं काही कारण नाही. तिच्यावाचून करमणार नाही, असलं काही गोड माझ्या मनात नव्हतं.

आणि कौल म्हणजे काय? आमच्या लेखी ते देवाचं बोलणं. देव बोलला होता, मी मधे तोंड घातलं.

“बरं,” नंदा म्हणाली. घागर नळाखाली सरकवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बापाला हो सांगितलं. मुनीमकाका आमच्या घरी येऊन रडले — आनंदानं की कशानं, मला बघवलं नाही, मी आत निघून गेले. पंधरवड्यात लग्न लागलं. मुंडावळ्या कागदी फुलांच्या होत्या. मी करवली होते. मिरवले.

पुढल्या बुधवारीही ते गाणं पहिलंच होतं. त्याच्या पुढल्याही. तेव्हा खिडकी उघडी होती, पण रांगेत नंदा नव्हती.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित झोप लागली असती. पण दहा वर्षांनी लातूर जिल्हा झालं. जिकडं तिकडं नव्या पाट्या रंगत होत्या. सासूबाईंचा मोतीबिंदू काढला म्हणून मी सरकारी दवाखान्यात होते, आणि बाकड्यावर नंदा. उदगीरहून आली होती. सावत्र मुलाचा हात मोडला होता. तिचा म्हणायला तोच मुलगा, पोटचं काही झालं नव्हतं. वाळली होती जरा, पण हसरी. मला बघून केवढी खूश झाली! माझे दोन्ही हात धरले. नवरा कसा आहे विचारलं तर म्हणाली, माणूस वाईट नाही, दुकान आणि तो, तो आणि दुकान. मग नर्स आली आणि पोराच्या हाताची पट्टी सोडायला लागली. नंदा बोलता बोलता थांबली. नर्सच्या हातांकडं बघत राहिली. पट्टी बांधून नर्स निघून गेली तरी तिकडंच बघत होती.

मग माझ्याकडं वळून हसत म्हणाली, “एका आठवड्यानं चुकलं बघ. पुढल्या बुधवारी चढलं म्हणे ते गाणं. जरा लवकर चढलं असतं तर मीबी अशीच पांढऱ्या कपड्यात हिंडले असते.”

मीही हसले. हो, हसले.

तिचं हसू ओसरलं. पोराला ऐकू जाऊ नये असं हळू विचारलं, “त्या दिवशी दोनच होतं ना गं? पक्कं?”

आता मी सतरा वर्षांची नव्हते. आप्पांवरचा राग कधीच विरला होता. मी कुणावर जळत नव्हते, मला तिचं काही नको होतं. तिचे हात माझ्या हातात होते. खरं सांगितलं असतं तर तिनं ते हात सोडले असते, एवढंच. तेवढ्यासाठी —

“दोनच,” मी म्हणाले. “मी माझ्या कानानं ऐकलं.”

“मग काय इलाज,” ती म्हणाली. सुटल्यासारखा श्वास सोडला आणि पोराच्या गळ्यातली झोळी नीट करायला लागली.

नंदा आहे अजून. उदगीरलाच. नवरा गेला, दुकान तो मुलगा बघतो. सणासुदीला तिचा फोन येतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते. लातूरहून उदगीरला दर तासाला गाडी आहे. मी कधी गेले नाही.