मंत्र्याच्या बायकोकडे कोणी जाईना

वीस डॉलरच्या नोटेवर ज्याचं चित्र आहे तो अध्यक्ष दर वर्षी मार्चच्या सुमारास माझ्या वर्गात येतो, आणि तो आठवडा मला नीट जात नाही. मी प्लेनो शहराजवळच्या एका दोन वर्षांच्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवते. बाकीच्या अध्यक्षांबद्दल माझं काहीतरी मत ठरलेलं आहे. याच्याबद्दल ठरतच नाही. खानदानी, शिकल्यासवरल्या घराण्यांबाहेरून आलेला हा पहिला. शपथविधीच्या दिवशी लोक चिखलाच्या बुटांनी त्याच्या घरातल्या खुर्च्यांवर चढले, इतका तो त्यांना आपला वाटत होता. त्याने जुने अधिकारी काढून आपली माणसं बसवली, श्रीमंतांची म्हणून राष्ट्रीय बँक मोडली. स्वतःच्या शेतावर मात्र गुलाम राबवले. आणि इथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून उठवून मिसिसिपी नदीपलीकडे पाठवायचा कायदा त्याच्याच काळातला, त्यानेच रेटलेला. त्यांना जिथे आणून सोडलं तो ओक्लाहोमा आमच्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मी वर्गाला जरा हसू यावं म्हणून सांगायचे. त्याच्या युद्धमंत्र्याने एका विधवेशी लग्न केलं. तिचा पहिला नवरा जाऊन वर्षही झालं नव्हतं. झालं, बाकीच्या मंत्र्यांच्या बायकांनी तिच्याकडे जाणंयेणं बंद केलं. अध्यक्षाने चक्क मंत्रिमंडळाची बैठक घेतली आणि बाई कशी निष्कलंक आहे हे मंत्र्यांना ठासून सांगितलं. बायका बधल्या नाहीत. शेवटी जवळजवळ सगळं मंत्रिमंडळ राजीनामे देऊन मोकळं झालं. वर्ग हसायचा आणि मी पुढच्या मुद्द्याकडे वळायचे.

मग आमच्या मराठी मंडळात निवडणूक झाली. निवडणूक म्हणजे, एरवी जुने डॉक्टर आणि इंजिनीअर काका लोक आपसांत ठरवायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या वर्षी नागपूरकडचा एक चाळिशीतला माणूस अध्यक्षपदासाठी उभा राहिला. दिलदार, मोठ्या आवाजाचा, कोणाचंही सामान हलवायला आपला ट्रक घेऊन जाणारा. "मंडळ काही कोणाच्या घरचं नाही," असं म्हणत तो फिरला आणि भरघोस मतांनी निवडून आला. त्याने सगळ्या जागांवर आपले दोस्त बसवले. मुलांची मराठी शाळा मी चालवायचे, म्हणून कमिटीत मी तेवढी जुनी राहिले.

त्याचा सेक्रेटरी त्याचा जिवलग मित्र होता. या सेक्रेटरीने नुकतंच लग्न केलं होतं, आमच्याच मंडळातल्या एकीशी. तिचा नवरा आदल्या वर्षी कॅन्सरने गेला होता. आजारपणात हा मित्र त्यांच्याकडे रोज जायचा, हॉस्पिटलला ड्राइव्ह करायचा. तेव्हा सगळे म्हणाले, काय देवमाणूस आहे. लग्न झाल्यावर तेच सगळे म्हणाले, रोज जायचा ते उगीच नाही.

संक्रांतीला तिने घरी हळदीकुंकू ठेवलं. ग्रुपवर सगळ्यांना बोलावलं. मी गेले तेव्हा तिच्या दारात एकही गाडी नव्हती. टेबलावर तिळगुळाच्या वाट्या, वाणाच्या स्टीलच्या बरण्या आणि शेजारची एक मेक्सिकन बाई, बस्स. त्या बाईच्या कपाळावर कुंकू लावून झालं होतं.

"ताई, ट्रॅफिक असेल ना?" ती मला म्हणाली.

"असेल," मी म्हटलं. शनिवार दुपार होती.

आम्ही तिघींनी पोहे खाल्ले. शेजारणीने रेसिपी विचारली, तिने नीट सावकाश सांगितली. निघताना तिने मला दोन बरण्या दिल्या.

दोन आठवड्यांनी मंडळाच्या अध्यक्षाने कमिटीची मीटिंग आपल्या घरी बोलावली. विषय सांगितला नव्हता. चहा झाल्यावर तो उभा राहिला.

"वहिनींबद्दल जे चाललंय ते बंद व्हायला पाहिजे. त्या बाईचं चारित्र्य स्वच्छ आहे. मी गॅरंटी देतो."

त्याचा आवाज चढला आणि मग त्याने डोळे पुसले. "माझ्या बहिणीचा डिव्होर्स झाला तेव्हा लोक असंच बोलले. ती घराबाहेर पडायची बंद झाली. मला माहीत आहे यार, हे काय असतं. ज्यांच्या बायका वहिनींकडे जाणार नाहीत त्यांनी कमिटी सोडावी."

मी कप खाली ठेवला. हे मी वाचलेलं होतं. त्या नोटेवरच्या अध्यक्षाच्या बायकोबद्दलही लोक असंच वाईट बोलले होते, कारण तिचा आधीचा घटस्फोट पुरा व्हायच्या आत या दोघांनी लग्न केलं होतं. तो सत्तेवर बसायच्या थोडंच आधी ती गेली, आणि लोकांच्या जिभांनीच तिला मारलं असं तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. मला वाटलं, उठून यांना सांगावं, हे असं करून काही होत नाही. पण समोर डोळे पुसत उभ्या असलेल्या माणसाला इतिहास काय सांगायचा.

आठवडाभरात चौघांनी कमिटी सोडली. मग सेक्रेटरीने स्वतःच राजीनामा दिला. अध्यक्ष मात्र टिकला, उलट जास्तच लोकप्रिय झाला. पुढे त्या वर्षीच्या गणपतीला इतके लोक आले की पार्किंग मिळेना.

त्याआधी, त्याच मार्चमध्ये वर्गात मंत्र्याच्या बायकोची ती गोष्ट आली. या वेळी मी ती पूर्ण तास घेऊन सांगितली. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावर एक चाळिशीची विद्यार्थिनी बसायची, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा शिकायला आलेली. ती ओक्लाहोमाची, तिथे हाकललेल्या मूळ रहिवाशांतल्या चोक्टॉ लोकांपैकी. तिने हात वर केला.

"तो मंत्री, त्या बाईचा नवरा. आमच्या लोकांकडून जमिनीच्या करारावर सह्या घ्यायला आला होता, तो हाच ना?"

"हो, हाच," मी म्हटलं.

"केव्हा?"

"त्या मंत्रिमंडळाच्या बैठकीनंतर वर्षभराने."

"म्हणजे एखाद्याला घराबाहेर ठेवलं की कसं वाटतं, हे मंत्री आणि अध्यक्ष, दोघांनाही कळत होतं."

ती बैठक आणि तो करार, दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. पण माझ्या नोट्समध्ये त्या वेगवेगळ्या दिवसांच्या तासांत होत्या. "कळत असणार," मी म्हटलं. तास संपला. गाडीत बसले तरी मला किल्ली फिरवायचं सुचेना.

एप्रिलमध्ये सेक्रेटरीची बायको, आता माझी मैत्रीण, मला इंडियन ग्रोसरीत भेटली. आम्ही बाहेर बाकावर चहा घेतला. मला वाटलं ती बायकांबद्दल बोलेल, पण ती अध्यक्षावर चिडलेली होती.

"ताई, माझ्या चारित्र्यावर मीटिंग घेतली आणि मला बोलावलंसुद्धा नाही. गॅरंटी म्हणे. मी काय फ्रिज आहे?"

मी तिला त्या मंत्र्याच्या बायकोची गोष्ट सांगितली.

"मग तिचं काय झालं पुढे?"

"खूप जगली. हा नवरा गेल्यावर म्हातारपणी तिसरं लग्न केलं, एका तरुण डान्स टीचरशी."

ती मोठ्याने हसली. तो टीचर तिचे पैसे आणि तिची नात दोन्ही घेऊन पळाला, हे मी सांगितलं नाही. तिला हसताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होते.

वर्गातल्या त्या बाईचा प्रश्नही मी तिला सांगितला. ती म्हणाली, "कुठे आणून सोडलं त्या लोकांना? जाऊ या तिथे."

मे महिन्यात आम्ही दोघी गेलो. रेड रिव्हर नदी ओलांडून ओक्लाहोमात शिरलो, तिथे चोक्टॉ लोकांनी स्वतः उभारलेलं संग्रहालय आहे. आत त्यांची टोपल्यांची कामं, भाषा, आणि एका दालनात नदीपलीकडे हाकललं तेव्हाचा तो प्रवास. थंडी, बर्फ, अंगावर पुरेसं पांघरूण नाही. मैत्रीण तिथे एका लोखंडी भांड्यासमोर उभी राहिली ती हलेचना.

"हे उचलून आणलं असेल कोणीतरी एवढ्या लांब," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "माझ्याकडे कोणी आलं नाही, पण घर माझंच राहिलं ना."

"दोन्हीची तुलना नको करूस," मी म्हटलं.

"तुलना नाही करत. मला फक्त बसायचंय जरा."

आम्ही बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. वारा जोराचा होता. समोर शाळेची बस उभी राहिली, मुलं उतरली, त्यांच्या बाईंनी त्यांना दोन रांगांत उभं केलं आणि आम्ही सरकून वाट करून दिली.