कांदा जळायच्या आत

माझी थोरली बहीण सतरा वर्षे रुग्णालयात शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करण्याच्या खोलीत काम करते. चिमटे, कात्र्या मोजायच्या, वाफेच्या यंत्रात ठेवायच्या, बाहेर काढून पुन्हा मोजायच्या. तिथे बोलावे लागत नाही, आणि त्या कामातले तिला हेच आवडे. गेल्या वर्षी मात्र तिच्यावर बोलण्याचीच वेळ आली, तीही फ्रेंचमध्ये.

तिचा नवरा वेल्डर. दोन वर्षांपूर्वी त्याला फ्रेंच बोलणाऱ्या मुलखात काम मिळाले. त्याला आणि पाच वर्षांच्या चिमणीला परवाना लगेच मिळाला. ताईला आधी भाषेची परीक्षा द्यायची होती. चिमणीची शाळा बुडू नये म्हणून तिला बापाबरोबर पुढे पाठवले. तिथे तिची आत्या होती. ताई आमच्याकडे राहायला आली.

पहिल्या खेपेस लेखी पेपर सुटला, तोंडी राहिली. निकालाच्या पत्रात शेरा होता : उच्चार समजत नाहीत. त्याखाली लिहिले होते, पुन्हा नापास झाल्यास तीन वर्षे अर्ज करता येणार नाही. तोवर चिमणी नऊ-दहा वर्षांची झाली असती. ताईने ते पत्र घडी घालून पिठाच्या डब्याखाली ठेवले, आणि पीठ काढताना ती डबा कधी उचलत नसे.

रजा टाकून तिने अकरा आठवड्यांचा वर्ग धरला. रोज पाच तास वर्ग, आणि संध्याकाळी आमचे स्वयंपाकघर. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून तिने फ्रेंच पाककृतींचे पुस्तक आणले आणि स्वतःला नियम घातला : जिन्नसाचे नाव नीट उच्चारल्याशिवाय तो भांड्यात पडायचा नाही. लोणी, दूध, मीठ पार पडले. गाडे अडले ते कांद्यावर. ‘ओन्यों’मधला शेवटचा सूर नाकातून यावा लागतो. ताईचा येईना.

त्याचे कारण मला ठाऊक होते. आमच्या खेड्यात सगळेच नाकात बोलत. कॉलेजच्या वसतिगृहात मुलींनी तिचे नाव पिपाणी ठेवले होते. वर्षभर ती आरशासमोर नाकावर बोट ठेवून मोठ्याने वाचत असे; नाक थरथरले की वाक्य पुन्हा पहिल्यापासून. सूर गेला तो गेलाच.

“वन्सं, लोणी काळं पडलं,” माझी बायको म्हणाली. “घाला आता कांदा, नाहीतर तोच फ्रेंच बोलायला लागेल.”

“नियम म्हणजे नियम.”

“तुमच्या नियमापायी आम्ही तीन दिवस नुसता पाव खातोय.”

ताई हसली. पण कांदा तिने ताटलीतच ठेवला.

आठव्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, चिमणीचा फोन आला. पडद्यावर तिचा चेहरा उमटला आणि ती म्हणाली, “मामाँ.”

ताईने फोन लगेच माझ्या हातात दिला. “घे. मामा हवाय तिला.”

“बोल गं चिमणे,” मी म्हणालो. चिमणी माझ्याकडे पाहत राहिली. तिचे तोंड एवढेसे झाले.

मागून आत्याचा आवाज आला, “अहो, आईलाच हाक मारतेय ती. इथं आईला तसंच म्हणतात.”

मी फोन परत देईपर्यंत पडद्यावर रिकामी खुर्ची होती.

ताई रडली नाही. तिने ओटा पुसला, कोरडा ओटा पुन्हा पुसला. मग म्हणाली, “वर्गात शिकलेला शब्द, पण त्यातला नाकातला सूर मला ऐकूच आला नाही. विमानतळावर तिनं हाक मारली, तर मी मागं वळून तुलाच शोधीन.”

त्यानंतर आमच्या घरात परीक्षा हा शब्द कुणी काढीना. जेवणानंतर ताई चमचे मोजू लागली, दोन-दोनदा. चिमणी आता फोनवर ‘आई’ म्हणे, सावकाश, अनोळखी माणसाशी बोलावे तशी.

परीक्षेला पाच दिवस उरले असताना ताई कढईसमोर उभी होती. मी दारातून, गावी बोलायचो तसा, वीस वर्षांत प्रथमच बोललो, “काँ गं, जेंवलीस काँ?”

तिने आधी खिडकी लावून घेतली. “कुणी ऐकेल.”

“ऐकू दे. जेंवलीस काँ?”

तिने चिरलेला कांदा ओंजळीत घेतला. मग तिच्या नाकातून, घाबरत, आमच्या आईचा आवाज आला, “नाँही अजून.” त्याच सुरात तिने ‘ओन्यों’ म्हटले आणि कांदा लोण्यात पडला.

तोंडीच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. चौदा मिनिटांनी ती आली.

“काय विचारलं?”

“तिकडं कोण आहे तुमचं, म्हणून. परीक्षक बाईनं उत्तर मला दोनदा म्हणायला लावलं.”

“समजलं का तिला?”

“काहीतरी लिहिलं, आणि कागद पालथा ठेवला.”

तीन आठवडे तो पालथा कागद आमच्या घरात वावरला. मग पाकीट आले. ताईने ते माझ्या बायकोला फोडायला लावले. ताई पास झाली होती, काठावर.

तिने तिथल्या तिथे फोन लावला. चिमणी समोर आली. “आई,” ती जपून म्हणाली.

“तसं नको,” ताई म्हणाली. “तिथं म्हणतात तसं म्हण.”

चिमणीने मागे वळून आत्याकडे पाहिले. मी पडद्यावर दिसू नये म्हणून दाराआड सरकलो. मग हाक आली, आणि ताईने नाकातून ओ दिली.