मेजावरचा गोग्रास

अमरावतीच्या कॅम्प भागातील 'मयूरविलास' हे उपाहारगृह एके काळी एका कापूस-व्यापाऱ्याचे निवासस्थान होते. सागवानी छत, पितळी दिवे, शुभ्र मेजपोस आणि पाहुण्यांच्या पाठीमागे निःशब्द उभे राहणारे वाढपी, यांमुळे तेथील भोजनाला एखाद्या यज्ञकर्माचे गांभीर्य येई. गावातील प्रतिष्ठितांचे मंगलप्रसंग पिढ्यान्‌पिढ्या तेथेच साजरे होत आले. शेंदूरजनाघाटच्या जमुनाबाईंनी मुलाच्या लग्नाची पसंती कळवायला हेच स्थान निवडले, तेव्हा सोहमला त्यात आईची हौस दिसली. ती हौस नव्हती.

जमुनाबाईंचे माहेरचे नाव रुख्मिणी. अकोल्याजवळच्या खेड्यातून वडील तिला 'दाखवायला' याच दालनात घेऊन आले होते. मुलगा चंद्रभान, अमरावतीच्या नामांकित वकिलाचा. शेजारी त्याची आई ताराबाई. समोर पाव आला. घरी पहिला तुकडा गाईसाठी ताटाबाहेर काढून ठेवण्याचा संस्कार होता. मुलीने पाव मोडला आणि पहिला तुकडा श्रद्धेने त्या शुभ्र वस्त्रावर ठेवला.

ताराबाई खळखळून हसल्या. "वा वो पाटील! गाय कुठं बांधली? मेजाखाली?" त्यांनी खूण करताच वाढप्याने लहानशा कुंचल्याने तो घास तबकात झाडून घेतला. चंद्रभान खाली पाहून हसला. वडील जेवलेच नाहीत; मुलीला घेऊन उठले आणि मिळेल त्या एसटीने उपाशीच परतले.

पुढे लग्न झाले, सासरी नाव बदलले, संत्र्याच्या बागा फळल्या, वैधव्यही आले. परंतु अग्निहोत्र्याने अग्नी जपावा तसा जमुनाबाईंनी तो कुंचल्याचा खरखर आवाज जपला. आणि सोहमने पसंत केलेल्या अवनीचे वडील म्हणजे तेच चंद्रभान, आता स्वतः वकील, असे निघाले, तेव्हा त्यांनी देवापुढे साखर ठेवली. सोहमला वाटले, सुनेसाठी.

वऱ्हाडातली रीत अशी, की वरमायेने पहिला घास घेतल्यावाचून मुलीकडच्यांनी अन्नाला शिवू नये. मेजाच्या एका बाजूला जमुनाबाई आणि सोहम, समोर चंद्रभान, अवनी आणि तिची आजी ताराबाई. सूप आले, पाव आले. जमुनाबाई हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या.

"घ्या न इहीणबाई," चंद्रभान अदबीने म्हणाले, "थंडं होऊन राहिलं."

"होऊ द्या."

"काई कमी पडलं काय?"

"एक गोष्ट राहिली."

"आई, तुले ठेचा पाहिजे काय?" सोहम हसला. "इथं नाई भेटत तो."

कोणी लोणी पुढे केले, कोणी मीठ. सुपावर साय धरली. वृद्ध ताराबाईंची बोटे थरथरू लागली. "वो बाई, माही शुगरची गोळी घेऊन झाली. पोटात काई गेलं पाहिजे आता. घास घ्या न!"

जमुनाबाईंनी ती थरथर पाहिली. डोळे भरून पाहिली. मग सावकाश पावाची ताटली ताराबाईंकडे सरकवली.

"गाईचा घास राहिला. तो तुमी ठेवा. इथंच, ह्या पांढऱ्या कपड्यावर."

ताराबाईंनी डोळे बारीक करून जमुनाबाईंना निरखले. हळूहळू समोरच्या मुद्रेवरून वर्षे गळून पडली. "तू... अकोल्याकडच्या पाटलाची रुख्मिणी?"

"तेच. माहा बाप याच मेजावरून उपाशी उठला होता."

"झालं गेलं ते..." चंद्रभान पुटपुटले.

"तुमी तवाबी खालीच पाहत होते, वकीलसाहेब. आताबी तसंच पाहा."

"आई, हे काय चाललंय?" सोहम उठू लागला.

"बस खाली. अवनीच्या आजीले भूक लागली आहे."

ताराबाईंनी पाव मोडला. तुकडा दोनदा बोटांतून निसटला. तिसऱ्यांदा तो शुभ्र वस्त्रावर टेकला. वाढपी सवयीने कुंचला घेऊन पुढे झाला. जमुनाबाईंनी नुसती तर्जनी उचलली आणि तो होता तेथेच थबकला.

मग त्यांनी पहिला घास घेतला. गार पडलेल्या त्या सुपाला अमृताची चव होती. सगळ्यांचे चमचे घाईघाईने हलू लागले. ताराबाई खाली मान घालून पाव गिळत होत्या.

फक्त अवनी जेवत नव्हती. पाठ ताठ, हात मांडीवर, दृष्टी आजीने ठेवलेल्या त्या तुकड्यावर.

"जेव न पोरी," जमुनाबाई म्हणाल्या.

"माझं झालं, आई."

आवाजात राग नव्हता, अश्रू नव्हते. राखेखाली निखारा झाकावा तसे सारे नीट झाकलेले. ते झाकणे जमुनाबाईंच्या फार ओळखीचे होते.

चंद्रभानांनी घसा खाकरला. "मग इहीणबाई... तारीख कोणती धरायची?"

जमुनाबाई उत्तर देण्याआधीच अवनी बोलली.

"लवकरातली लवकर धरा, बाबा," ती सासूकडे पाहून शांतपणे म्हणाली. "मला त्या घरात जायचंय."

जमुनाबाईंचा चमचा तोंडापर्यंत आलेला होता. तो तेथेच राहिला.