भिकूमेस्त आणि इंग्रजी नरकासूर

भिकूमेस्त नरकासुराचे डोळे रंगवून झाले की लगेच त्याच्या तोंडावर गोणपाट टाकायचे. दिवाळीच्या पहाटे जाळायचा तो कागदा-गवताचा राक्षस. आमच्या आरोंद्यात गोव्यासारखीच त्याची हौस. सांगाडा वाडीतली मुलं बांधत, पण तोंड करायला मेस्तच लागत, कारण गावचे गणपतीही तेच करत. गोणपाट कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं.

"बघित रवल्यार माया लागता गो," ते म्हणाले. "मगे जाळूक धीर होणा नाय."

मेस्त आमचे शेजारी. उंच, पाठीत वाकलेले, घरात एकटेच. बायको कधीच गेली होती आणि मुलगा वसंत मुंबईला मामाकडे असतो, असं सगळे सांगत. तो कधी गणपतीला का येत नाही, हे कुणी विचारत नसे. मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा मेस्त म्हणाले होते, "आता तू इंग्लिशीत गाळी घालशीत. त्यो आमका कळाच्यो नाय." आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं, त्यामुळे ही थट्टाही मला शाबासकीसारखी वाटली.

दोन वर्षांपूर्वी मुलं मोबाईलवर एक चित्र घेऊन मेस्तांच्या शाळेत, म्हणजे परसातल्या ज्या मांगरात, साध्या छपरात, ते गणपती करत तिथे आली. चौकोनी कपाळ, त्यावर टाके, मानेत लोखंडी खिळे. "मेस्तानू, औंदा ह्यो. स्पर्धेत पयलो नंबर आपलो!" हा कोण, कुठला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. एकाच्या टी-शर्टवर तो होता, दुसऱ्याच्या धाकट्या भावाच्या दप्तरावर. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, गोष्ट कुणालाच माहीत नाही.

तो राक्षस ज्या इंग्रजी कादंबरीतला, ती त्या वर्षी आम्हाला कॉलेजात अभ्यासाला होती. खरं सांगायचं तर मला ती अर्धी गाईडवरूनच कळली होती. पण मेस्तांनी बोलावलं. "बाय, ह्यो तुझ्या पुस्तकात आसा म्हणतत. काय केल्यान ह्यान?"

ते कागदाचा लगदा मळत होते. मी जमेल तशी गोष्ट सांगितली. दोनेकशे वर्षांपूर्वी एका तरुण मुलीनं ती लिहिली. एक शिकलेला माणूस मेलेल्यांचे अवयव जोडून एक देह बनवतो, त्यात जीव घालतो, आणि त्यानं डोळे उघडताच त्याच्या रूपाला घाबरून पळून जातो. तो एकटा भटकतो. लोक त्याला दगड मारतात. शेवटी तोही माणसं मारायला लागतो.

"पळालो?" मेस्तांचे हात थांबले. "जेना बनवल्यान, तोच पळालो?"

"होय."

"नाव काय ठेवल्यान त्येचा?"

"ठेवूकच नाय. लोक चुकान त्या बनवणाऱ्याचाच नाव त्येका लावतत. आमचे सर म्हणतत, परीक्षेत असा लिवलात तर मार्क कापतलंय."

"कापू देत. चूक कसली ती? पोराक बापाचाच नाव लागता." त्यांनी लगदा पुन्हा मळायला घेतला. मग म्हणाले, "माझ्या वसंताक ता पण नाय."

त्या दुपारी मला कळलं की वसंत मुंबईला नव्हताच. अंगानं दांडगा, बुद्धीनं लहान, त्यात आकडी येणारा मुलगा. तो सतरा-अठराचा असताना आकडीत त्यानं एका लहान पोराचा हात धरला आणि तो मोडला. लोकांनी त्याला बंदरापर्यंत दगड मारत नेलं. दुसऱ्या दिवशी मेस्त त्याला घेऊन दूरच्या जिल्ह्यातल्या एका आश्रमात गेले. "वाटेर गावलो म्हणान सांगलंय थंय. माझा नाव सांगूक नाय. मागे वळान पण बघूक नाय."

त्या वर्षी मेस्तांनी तोंडावर गोणपाट टाकलं नाही. "ह्येका जाळू नकात," ते मुलांना म्हणाले.

"जाळूचो नाय तर काय पूजूचो, मेस्तानू?" मुलं हसली. नरकासूर जळला. पहिला नंबरही आला.

भाऊबीज झाल्यावर मेस्त आश्रमात गेले. ऑफिसात बोलायला भीती वाटते म्हणून मला सोबत नेलं. वसंतचे केस पिकायला लागले होते. तिथे त्याला राजू म्हणत. मेस्तांनी पुढे केलेलं गुळाचं खाजं त्यानं वर न बघता खाल्लं. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण त्यांचाही नाइलाज होता. गावातल्या दोन जुन्या माणसांनी हा यांचाच मुलगा असं लिहून दिलं, तरच त्याला घरी नेता येणार होतं.

मेस्त घरोघर फिरले. "त्येका परत हाडून काय करतलात? हंय ल्हान पोरा आसत," असं लोक म्हणाले. वसंतला ओळखत नाही असं कुणीच म्हणालं नाही. फक्त सही कुणी केली नाही. माझे वडील "बघूया" म्हणाले. मी घरात भांडले, रडले. ते "बघूया"च म्हणत राहिले.

मेस्त मात्र दर महिन्याला जायचे. आल्यावर कुंपणापाशी उभे राहून सांगायचे, "आज माझ्या हातातसून पाणी घेतल्यान." कधी, "आज हसलो गो." एकदा स्वतःच हसत म्हणाले, "माका 'मेस्त' म्हणता तो. बापाशीक मेस्त!" घरातली मागची खोली त्यांनी रंगवली, खाट रुंद केली. सह्या मिळतीलच या आशेवर "पावसाआदी घरी व्हरतलंय", म्हणजे नेणार, असं वसंतला सांगूनही आले.

वैशाखात एका सकाळी मेस्त मांगरात पडलेले सापडले. उचलेपर्यंत संपलं होतं.

बारावं झाल्यावर मी एकटीच आश्रमात गेले. कुणीतरी सांगायला हवं होतं. वसंत फाटकाजवळच्या बाकावर बसला होता, कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन. बाई म्हणाल्या, हल्ली रोज असाच बसतो.

"वसंतदादा," मी म्हटलं, "मेस्त गेले. तुझे बापूस होते ते."

त्याला कळलं असावं. रस्त्याकडे लावलेली नजर त्यानं माझ्याकडे वळवली आणि पिशवी पोटाशी घट्ट धरली.

"मगे माका घरी कोण व्हरतलो?"