नानामामांनी लावलेली शर्यत

नानामामांना माणूस एकटा दिसतच नाही, ते त्याच्या शेजारी लगेच दुसरा उभा करतात. सुलोचनामामी जेवायला वाढायची, तेव्हा पहिल्याच घासाला ते तिच्या जावेच्या हातच्या आमटीची आठवण काढायचे. शेवटच्या आजारात ती हॉस्पिटलात पडून होती, तर शेजारच्या खाटेवरची बाई आपल्या हाताने जेवते, हे ते तिला रोज ऐकवायचे. ऐकत ऐकतच ती गेली. माझे सख्खे मामा आहेत, तरी सांगते, अख्ख्या सुदामा नगरात इतका दुष्ट माणूस दुसरा नाही. आणि बघा, तुलनेची खोड मलाही लागलीच.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत लग्नाच्या फिल्म तयार होतात. शूटिंगवाले रेकॉर्डिंग आणून देतात आणि मामांची मुलगी कस्तुरी डेस्कटॉपवर बसून त्याची काटछाट करते. पाटी मामांच्या नावाची, हात पोरीचे. मामा मागे खुर्ची टाकून सुपारी कातरतात आणि दुसऱ्या स्टुडिओतली पोरं किती भराभर काम करतात ते सांगतात.

गेल्या वर्षी कस्तुरीला नागपूरच्या एका स्टुडिओने बोलावलं. तिथे लग्नाच्या हॉलवरच बसून, पाहुणे पांगायच्या आत फिल्म दाखवायची असते. त्यासाठी स्वतःचा लॅपटॉप हवा, म्हणून तिने साठवलेल्या पैशांतून घेतला. मी बेटम्याला राहते, तिथून फोन केला, तेव्हा ती इतकी खूश होती की मामांना सांगायचं अजून बाकी आहे हे मी विसरलेच.

मामा ओरडले नाहीत. ते म्हणाले, जा खुशाल, पण तो डबा तिकडे तुझी फजिती करेल. कस्तुरीने सांगितलं की दोन्हींत एकाच नावाचा प्रोसेसर आहे, उलट लॅपटॉपमधला दोन पिढ्या नवा. त्यावर मामांनी शिकवणी घेतली. नाव एक असलं म्हणून ताकद एक नसते. डेस्कटॉपच्या प्रोसेसरला भरपूर वीज मिळते, मोठा पंखा असतो, हवा खेळायला जागा असते. लॅपटॉपमधला चपट्या डब्यात कोंडलेला. सुरुवातीला पळतो, मग तापतो, आणि तापला की जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. यातलं काहीच खोटं नव्हतं. मामा दुष्ट आहेत, अडाणी नाहीत.

पण कस्तुरीही त्यांचीच पोर. ती म्हणाली, "तो लगाओ ना शर्त, नाना. दोन्हींवर एकच लग्न लावू, फिल्म आधी कोण काढतो बघू. हारले तर नाही जाणार. जिंकले तर तुम्ही मला स्टेशनवर सोडायला यायचं, हसत."

दसऱ्याचा दिवस ठरला. अष्टमीला तिने रंगीत तालीम केली. लॅपटॉप टेबलावर जाळीच्या स्टँडवर ठेवला, एकाच लग्नाची लांबलचक फिल्म दोन्हींवर तयार व्हायला लावली, आणि लॅपटॉप थोडक्यात का होईना, पहिला आला. मामा दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी जवळ येऊन स्टँडला हात लावून विचारलं, हे जाळीचं कशाला. कस्तुरीने हौसेने समजावलं की पंखा खालून हवा ओढतो, तो रस्ता अडला की प्रोसेसर भाजतो. आयुष्यात पहिल्यांदा बापाने तिला काही विचारलं होतं.

नवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. कामाचं जे असेल ते मांडायचं, आणि एकदा मांडलं की दसऱ्याला सोनं वाटेपर्यंत हलवायचं नाही. मी पूजेला आले होते. डेस्कटॉप जड, त्याला जागच्या जागी हळदकुंकू लागलं. लॅपटॉपसाठी कस्तुरीने पाट मांडला. तेवढ्यात मामांनी कपाट उघडून मामीची लोकरी शाल काढली. "चार घड्या करून खाली घाल," ते म्हणाले. "आईचा आशीर्वाद राहील."

मामीबद्दलचा चांगला शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधी ऐकला नव्हता. कस्तुरीचे डोळे भरून आले. तिने स्वतःच्या हाताने शाल अंथरली, लॅपटॉप ठेवला, मागून झेंडूचा हार घातला. मीही रडले. त्या रडण्याचा मला आजही संताप येतो.

दसऱ्याला सकाळी, पूजा मोडायची नाही म्हणून, दोन्ही यंत्रं जागेवरच चालू केली. लॅपटॉप सुरुवातीला पुढे होता. कस्तुरी श्रीखंडाची वाटी हातात घेऊन हसत होती. मग त्याचा पंखा घरघरू लागला, पडद्यावरचा टक्क्यांचा आकडा हळूहळू सरकू लागला, आणि डेस्कटॉप त्याला ओलांडून गेला. कस्तुरीने खाली वाकून शालीला हात लावला आणि तिला कळलं. ती लॅपटॉप उचलणार, इतक्यात मामा मागून शांतपणे बोलले.

"दसऱ्याला पूजा मोडतेस? आईची शाल आहे ती."

तिने हात मागे घेतला. डेस्कटॉपचं काम संपलं तेव्हा लॅपटॉप अजून मंगलाष्टकांतच होता. मामांनी तिच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि सोन्यासारखी राहा म्हणून आशीर्वाद दिला.

सोनं वाटून झालं तशी लगेच पूजा मी उचलली. शाल नुकती इस्त्री फिरवल्यासारखी गरम होती. मी ती घेऊन ओट्यावर गेले आणि मामांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले की लोकांच्या लग्नात तिला गादीवर, उशीवर कुठेही बसावं लागेल, मी फक्त आधी दाखवलं. मग सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "तिची आईही अशीच. जरा तापलं की बसायची."

मी कस्तुरीला म्हटलं, असल्या शर्यतीला कोण विचारतं, उद्याच्या उद्या निघ. "शब्द माझा होता, ताई," ती म्हणाली. "शाल पण मीच अंथरली." नागपूरवाल्यांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि दुसरी मुलगी घेतली.

दिवाळीनंतर मी पुन्हा गेले. कस्तुरी डेस्कटॉपवरून उठून आम्हाला वाढत होती. मामांच्या ताटाशेजारी कोरी स्टीलची वाटी होती. मामांनी ती उचलून बोटाने वाजवली. आपल्या जुन्या वाट्यांपेक्षा पातळ आहे म्हणाले, कुठून आणली विचारलं.

"दारावर भांडेवाली आली होती," कस्तुरी म्हणाली. "आईची शाल दिली, तिच्यावर मिळाली." तिने पातेल्यातलं उकळतं वरण डावात घेतलं आणि मामांच्या हातातल्या वाटीत ओतायला सुरुवात केली. "नीट धरा, नाना. पातळ आहे, लवकर तापते."

मामांनी वाटी खाली ठेवली नाही. ती काठोकाठ भरेपर्यंत कस्तुरी ओतत राहिली.